एकट्याचे गाणे, गावाचे गाणे

लोकगीताला कर्ता नसतो, असे आपण सहज म्हणतो. वऱ्हाडातील जात्यावरच्या ओव्या प्रथम कोणाच्या मुखातून आल्या, हे कोणी विचारीत नाही. मग एखादा कलावंत स्वतः शब्द लिहितो, स्वतः चाल बांधतो, स्वतःच गातो आणि आपली पहिली ध्वनिफीत लोकांपुढे ठेवतो, तेव्हा तिच्यात ‘लोक’ कोठे शोधावा? गोव्याचे रेमो फर्नांडिस यांची ‘गोअन क्रेझी’ (१९८४) ही पहिली ध्वनिफीत या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे.

रेमो यांचा जन्म १९५३ चा, पणजीचा. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे युरोपात भ्रमंती करीत रस्त्यांवर गाणी गायिली. ही ध्वनिफीत मात्र शिवोलीच्या घरी, कोणत्याही कंपनीच्या आश्रयाविना सिद्ध झाली. साधन होते चार मार्गिकांचे एक छोटे ध्वनिमुद्रणयंत्र. एका मार्गिकेवर एक वाद्य मुद्रित करावयाचे, ते ऐकत दुसरीवर दुसरे वाजवावयाचे. जागा संपली की आधीचे स्वर एकत्र करून नवी जागा मोकळी करावयाची. अशा प्रत्येक एकत्रीकरणात फितीची खरखर वाढते. म्हणून अनावश्यक स्वराला तेथे थारा मिळत नाही. सर्व वाद्ये, सर्व आवाज, इतकेच नव्हे तर वेष्टनावरील चित्रही त्यांचेच. तयार झालेल्या फिती आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी त्यांनीच पोहोचविल्या.

गोव्यातील श्रोत्यांनी या फितीला आपले म्हटले. त्याचे कारण केवळ चालीत नाही. दूरच्या शहराची नक्कल न करता आपल्या गावाकडे प्रेमाने आणि थोड्या थट्टेने पाहणारा आवाज त्यांना लाभला. ‘गोअन क्रेझी’ या नावातच ‘वेड लागणे’ आणि ‘गोमंतकीय’ यांचा श्लेष आहे. परंतु हा श्लेष फक्त इंग्रजीतच साधतो, आणि येथेच पहिली मर्यादा दिसते. इंग्रजी शिकलेल्या गोमंतकीयाला या फितीत आरसा मिळाला. कोकणीतच जगणाऱ्या रापणकाराला तो तितकासा मिळाला नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांनी गोव्याच्या ख्रिस्ती घराघरांत स्वरलिपी नेली. तेथील मांडो घुमट व व्हायोलिनच्या साथीने दोन आवाजांत गायिला जातो. दुसरा आवाज म्हणजे शेजाऱ्याची उपस्थिती. चार मार्गिकांवर एकच माणूस स्वतःच्या आवाजाला स्वतःच साथ देतो, तेव्हा सुरेलपणा राहतो. शेजारी मात्र उरत नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ या फितीतून रेमो गोव्याच्या जुन्या गीतांकडे वळले. ही उणीव भरून काढण्याचाच तो मार्ग होता, असे मला वाटते.

या ठिकाणी आपल्या मातीतील एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेही स्वतः रचून स्वतः गाणारेच. हाती खंजिरी, भाषा मराठी आणि हिंदी. मात्र त्यांच्या भजनाची दुसरी ओळ समोरचा समुदाय उचलीत असे. म्हणूनच १९६८ मध्ये त्यांचे निर्वाण झाल्यावरही ती भजने गावोगावी गायिली जात आहेत. कर्त्याचे नाव माहीत असूनही ती लोकांची झाली.

तात्पर्य, कर्ता असणे हा लोकगीताला बाध नव्हे. साथीला कोणी नसणे हा बाध आहे. ‘गोअन क्रेझी’चे मोल आहे ते तिच्या निर्भयतेत. खेड्यातील घरात बसूनही स्वतःचे गाणे जगापुढे ठेवता येते, हे तिने सिद्ध केले. २००७ मध्ये रेमो यांना पद्मश्री मिळाली, त्या वाटचालीचा आरंभ या घरगुती फितीत आहे.

अमरावती-अकोल्याच्या आपल्या वस्त्यांतही गाणी लिहिणारे तरुण आहेत. त्यांच्या खिशातील दूरध्वनीत आज त्या यंत्राहून अधिक मार्गिका मावतात. तेव्हा साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही. गाणे मुद्रित करावे, आणि मग वस्तीत एकदा ते गाऊन थांबावे. दुसरा आवाज कोणी आपण होऊन लावतो का, ते ऐकावे. समीक्षकाच्या अभिप्रायापेक्षा तो कौल अधिक खरा असतो.