जोडीच्या तारा

चंदीगडला आलेला मराठी माणूस कार्बुझिएच्या इमारती आणि रॉक गार्डन पाहून परततो. सेक्टर 30 मधल्या सीएसआयओकडे फारसे कोणी फिरकत नाही. 1959 साली दिल्लीत सुरू झालेली ही उपकरणांची संस्था 1962 मध्ये इथे आली; ‘तेजस’च्या वैमानिकासमोर आकडे तरंगवणारा हेड-अप डिस्प्ले तिचाच. फायबरमधून प्रकाश नेण्याच्या विद्येचे एक आद्य पुरुष, नरिंदरसिंग कपानी, तर पंजाबातल्या मोग्याचे. तेव्हा फायबर लेसरचे रसग्रहण करायला हे गाव वाईट नाही.

लेसर म्हणजे एकच सूर, असे आपण शिकतो. मला दोन सुरांचा लेसर आवडतो, आणि तोही त्यातल्या भांडणासाठी. काचेच्या तंतूच्या गाभ्यात चिमूटभर एर्बियम. त्यात 980 नॅनोमीटरचा पंप सोडला की 1550 च्या आसपास लेसर लागतो. पंप डोळ्यांना दिसत नाही, लेसरही नाही. गुंडाळी मात्र हिरवीगार उजळते, आणि नवखा माणूस त्या हिरव्यालाच लेसर समजतो!

दोन जवळच्या तरंगलांबी एकदम मागितल्या की कटकट सुरू. नेहमीच्या तापमानाला एर्बियमचे आयन दोघींना जवळपास एकाच ताटात वाढतात. जी थोडी वरचढ, ती दुसरीला उपाशी ठेवते. वर्णपट दाखवणाऱ्या पडद्यावर दोन सुळके उठतात. एक चढतो, दुसरा बसतो, घटकेत उलटे. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, फायबर बुडवला तर ताटे बरीचशी वेगळी होतात. उपाय रास्त, पण गारठवून घडवलेला समेट मला रुचत नाही.

खरी नजाकत ध्रुवणाच्या उपायात आहे. दुहेरी अपवर्तनाच्या फायबरवर कोरलेली ब्रॅग जाळी दोन तरंगलांबी परतवते. अंतर साधारण 0.4 नॅनोमीटर, आणि दोघींची ध्रुवणे एकमेकींना काटकोनात. मग आयनांमध्येही थोडी वाटणी होते: काही एकीला जास्त साथ देतात, काही दुसरीला. भांडण संपत नाही, सोसण्याजोगे होते. आणि या जोडीतून जो विस्पंद निघतो, तो सुमारे 50 गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहरींच्या दुनियेत थेट मिलिमीटरच्या मुलखातला.

तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांना विस्पंद, दोन जवळच्या सुरांचा हा हेलकावा, चांगला ठाऊक आहे. तिथे मात्र विस्पंद घालवायचा असतो, इथे तोच हवा असतो. लावण्याची रीत तीच. ध्रुवण-नियंत्रकाची तीन पाती आधी खुंट्यांसारखी मोठ्या हाताने फिरवायची, मग मणी सरकवावा तशी केसभर. सुळके बरोबरीला आले की श्वास धरून हात काढायचा. एकदा एका प्रयोगशाळेत मी असाच हात काढला, खुश होऊन मागे वळलो, आणि एसीचा झोत मोकळ्या सुटलेल्या फायबरवर आला. दुसरा सुळका बसला. पुन्हा पात्यांपाशी.