ऐकत गाणारी मुले

विद्यार्थ्यांच्या समूहगायनास आपण बहुधा कौतुकाची तयारी करून जातो. ऐकण्याची तयारी क्वचितच असते. मुले आपली, पोशाख नीटनेटके, टाळ्या आधीच ठरलेल्या. गेल्या आगमनकाळात आमच्या परिसरातील एका महाविद्यालयीन गायनवृंदाने आम्हांला ह्या सुस्तीतून जागे केले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ पालेस्त्रिनाच्या ‘सिकुत चेर्वुस’ने झाला. पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरिणाचे हे स्तोत्र. साथीला वाद्य नाही. प्रथम टेनर एकटे निघतात, मागून अल्टो, मग सोप्रानो आणि सर्वांत शेवटी बास. आवाज नुकताच स्थिरावलेली ती पाच-सहा मुले आपल्या पाळीची वाट पाहत होती, पण रिकामी उभी नव्हती. तिन्ही आवाजांनी मांडलेली ओळ त्यांनी मनात धरून ठेवली होती. त्यांचा स्वर मिसळला तेव्हा उभ्या घराखाली कोणी अलगद पाया सरकवावा, तसे झाले.

लांबलेल्या स्वरावर सर्वांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो. म्हणून शेजारी गात असताना आपण श्वास घ्यायचा, तो घेईल तेव्हा आपण स्वर सांभाळायचा. कसलेल्या वृंदात ही देवघेव ऐकणाऱ्याला कळतही नाही. येथे ती कळत होती, आणि आम्हांला तरी तो दोष वाटला नाही. त्या संध्येचा निम्मा आनंद त्यातच होता.

मोझार्टचे ‘आवे वेरुम कोर्पुस’ मात्र तितके साधले नाही. १७९१ च्या जूनमध्ये, मृत्यूला जेमतेम सहा महिने असताना, मोझार्टने बाडेन गावच्या चर्चमधील गायनप्रमुख आंतोन श्टोल यांच्यासाठी ते लिहिले. श्टोल शिक्षकही होते. रचना अवघ्या ४६ बारांची. आरंभी सूचना एकच, दबक्या स्वरात गा. एवढ्या मोठ्या संगीतकाराने गावच्या वृंदाला झेपेल असे लिहिले, ह्यामुळेच ती सोपी वाटते आणि फसवते. अखेरीस मरणाच्या उल्लेखापाशी आमच्या सोप्रानोंचा धीर सुटला. आवाज चढला, गांभीर्य उतरले.

खरी तक्रार निराळीच आहे. उत्तरार्धातील तिन्ही मराठी गीते ध्वनिमुद्रित साथीवर गायिली गेली. यंत्र कोणासाठी थांबत नाही. त्याच्यामागे धावताना तीच मुले एकमेकांना ऐकेनाशी झाली, आणि चार आवाजांचा एकच गलका उरला. लॅटिनला जो आदर मिळाला तो मातृभाषेला का मिळू नये? मराठीतील ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून चार आवाजांची बांधणी करणे अवघड आहे खरे; पण ज्यांनी पालेस्त्रिना पेलला त्यांना ते अशक्य नाही.

पुढील वर्षी संचालिकाबाईंनी एक तरी मराठी गीत विनासाथीचे बसवावे. आणि लॅटिन शब्दांचा मराठी अर्थ कार्यक्रमपत्रिकेत छापावा. आमच्या शेजारच्या आजीबाई तो दोनदा विचारीत होत्या.