ड्यूव्हॉल, शेली

(७ जुलै १९४९ – ११ जुलै २०२४). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री आणि दूरचित्रवाणीवरील परीकथामालिकांची निर्माती. जन्म टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ येथे. बालपण ह्यूस्टन शहरात गेले. वडील वकिली करीत. त्यांचे नाव रॉबर्ट असल्यामुळे प्रसिद्ध अभिनेता रॉबर्ट ड्यूव्हॉल याच्याशी तिचे नाते जोडले जाते. परंतु ते खरे नाही. अभिनयाचे रीतसर शिक्षण तिने घेतले नव्हते. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन हा ब्रूस्टर मक्लाउड (१९७०) या चित्रपटाचे चित्रीकरण ह्यूस्टन येथे करीत असताना त्याच्या सहकाऱ्यांना ती एका घरगुती समारंभात भेटली. आपल्या भावी पतीने काढलेली चित्रे ती त्या वेळी पाहुण्यांना दाखवीत होती. तिच्या बोलण्याची ढब पाहून त्यांनी तिची ऑल्टमनशी गाठ घालून दिली आणि त्याच चित्रपटात क्रीडागाराची माहिती सांगणाऱ्या मुलीची भूमिका तिला मिळाली. त्यानंतर दहा वर्षांत ऑल्टमनच्या एकूण सात चित्रपटांत तिने कामे केली.

ही कथा पुढे वारंवार सांगितली गेली आणि ड्यूव्हॉलच्या अभिनयाविषयीचा एक दीर्घकाळ टिकलेला ग्रह तीतूनच निर्माण झाला. ती घडलेली नव्हे, तर सापडलेली अभिनेत्री आहे. दिग्दर्शकाने तिला आहे तशी कॅमेऱ्यापुढे उभी केली आणि तिचे विलक्षण रूपच अभिनय ठरले, असे मानले जाऊ लागले. उंच व अत्यंत सडपातळ बांधा, मोठे, किंचित बाहेर आलेले डोळे, ठळक दात आणि टेक्ससचा हेल यांमुळे हॉलिवुडच्या रूढ नायिकेहून ती वेगळी दिसे, हे खरे. परंतु तिच्या प्रमुख भूमिका एकापुढे एक ठेवून पाहिल्यास तीत एक विशिष्ट आणि सातत्याने वापरलेली अभिनयपद्धती आढळते. तिची पात्रे बोलतात एक आणि त्यांचे शरीर सांगते दुसरेच. शब्द आत्मविश्वासाचे असतात. मान, हात व नजर मात्र उत्तराची धास्ती घेतलेली असतात. या दोहोंमधील अंतर कमीअधिक करणे हेच तिचे कौशल्य होते.

मकेब अँड मिसेस मिलर (१९७१) या चित्रपटातील टपालाद्वारे ठरवून आणलेल्या वधूची तिची भूमिका लहान होती. थीव्ह्‌ज लाइक अस (१९७४) मध्ये मात्र तिला नायिकेची भूमिका मिळाली. एडवर्ड अँडरसनच्या १९३७ मधील याच नावाच्या कादंबरीवर निकोलस रे याने पूर्वी दे लिव्ह बाय नाइट हा चित्रपट काढला होता. त्यातील भावविवश प्रेमकथेऐवजी ऑल्टमनने मंदीच्या काळातील मिसिसिपीमधले कंटाळवाणे दैनंदिन जीवन चित्रित केले आणि कीची या मुलीच्या भूमिकेत ड्यूव्हॉलने ते आत्मसात केले. शीतपेयाची बाटली तोंडाला लावून ओसरीवर बसलेली ही मुलगी प्रेमात पडते तीही फारसा गाजावाजा न करता. बँक लुटणारा तिचा प्रियकर पोलिसांच्या गोळीबारात मरतो, तेव्हा ती प्रथमच किंचाळते. आधीच्या संयमामुळेच ती किंकाळी असह्य होते. नॅशव्हिल (१९७५) मधील चोवीस पात्रांच्या गर्दीत, मरणोन्मुख मावशीला भेटण्यासाठी येऊन तिच्याकडे न फिरकणारी तरुणी तिने उभी केली. बफलो बिल अँड दि इंडियन्स (१९७६) मध्ये ती राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडच्या पत्नीच्या भूमिकेत दिसते. वुडी ॲलनच्या ॲनी हॉल (१९७७) मध्येही तिची एक छोटी भूमिका आहे.

थ्री विमेन (१९७७) ही तिची सर्वश्रेष्ठ भूमिका होय. चित्रपटाची कल्पना ऑल्टमनला स्वप्नात सुचली होती. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातील वृद्धांच्या आरोग्यकेंद्रात काम करणारी मिली लॅमरो ही मासिकांतील सल्ल्यांवर आपले आयुष्य बेतते. पाककृती, पडद्यांचे रंग, पाहुण्यांची सरबराई यांविषयी ती अखंड बोलत राहते आणि तिचे कोणीच ऐकत नाही. मोटारीच्या दारात तिच्या झग्याचा घोळ अडकतो, तोही तिच्या लक्षात येत नाही. मिलीच्या स्वगतवजा बोलण्यातील व दैनंदिनीतील बराच मजकूर ड्यूव्हॉलने स्वतः रचला होता. ‘सापडलेली अभिनेत्री’ या ग्रहाला तेवढी एकच गोष्ट पुरेसे उत्तर ठरावी. मिली ही सहज हास्यास्पद होऊ शकली असती. प्रेक्षक आरंभी तिला हसतातही. परंतु ड्यूव्हॉल तिची कीव करीत नाही आणि तिच्यावर टीकाही करीत नाही. उत्तर मिळाल्याप्रमाणे क्षणभर थांबून मिली पुढचे वाक्य बोलते. त्या विरामात उपेक्षेची जाणीव आणि ती नाकारण्याचा निश्चय ही दोन्ही असतात. हसणारा प्रेक्षक तेथे ओशाळतो. सहा आठवड्यांचा किंवा सहा वर्षांचा सराव असला तरी असा विराम साधतोच असे नाही. या भूमिकेबद्दल तिला कॅन चित्रपटमहोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार (कॅनेडियन अभिनेत्री मोनिक मेर्क्यूर हिच्यासह विभागून) मिळाला. लॉस अँजेल्सच्या चित्रपटसमीक्षकांनीही तिची निवड केली. ऑस्कर पुरस्कारासाठी मात्र तिचे नामांकनही झाले नाही.

स्टॅन्ली कूब्रिकच्या द शायनिंग (१९८०) या चित्रपटामुळे ती जगभर ज्ञात झाली आणि तिच्याविषयीचा दुसरा ग्रहही त्यातूनच निर्माण झाला. इंग्लंडमधील एल्स्ट्री येथील कलागारात हे चित्रीकरण वर्षाहून अधिक काळ चालले. एकेक दृश्य असंख्य वेळा घेण्याची कूब्रिकची पद्धत सर्वश्रुत आहे. जिन्यावर बॅट फिरवीत वेंडी उलट पावली वर चढते, ते दृश्य १२७ वेळा चित्रित झाल्याचे सांगितले जाते, परंतु ही संख्या वादग्रस्त आहे. कूब्रिकची कन्या व्हिव्हियन हिने काढलेल्या अनुबोधपटात दिग्दर्शक ड्यूव्हॉलवर चिडलेला दिसतो. महिनोन्‌महिने दिवसभर रडावे लागल्याचे तिने स्वतःही सांगितले होते. तथापि उत्तरायुष्यातील मुलाखतीत तिने कूब्रिकविषयी आपुलकीने उद्‌गार काढले.

प्रदर्शनाच्या वेळी जॅक निकल्सनच्या आक्रमक अभिनयापुढे तिचे काम अनेक समीक्षकांना किरकिरे व एकसुरी वाटले. मूळ कादंबरीचा लेखक स्टीव्हन किंग यालाही पडद्यावरील वेंडी रुचली नाही. निकृष्ट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी वाईट अभिनेत्रींच्या यादीत तिचे नाव आले. २०२२ मध्ये ते नामांकन मागे घेण्यात आले; कारण असे देण्यात आले, की कूब्रिकच्या वागणुकीचा तिच्या कामावर परिणाम झाला होता. या दुरुस्तीतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी तिचे काम वाईट ठरविले गेले. नंतर ते काम तिचे नव्हेच असे ठरले. दोन्ही निवाड्यांत अभिनेत्री अनुपस्थित आहे. छळामुळे भूमिका घडली असे म्हणणारे सहानुभूतीच्या भरात तिचे कर्तृत्वही दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करतात.

वस्तुतः वेंडीची भूमिका केवळ भयाची नाही. चित्रपटाच्या आरंभी मुलाला तपासावयास आलेल्या डॉक्टर स्त्रीला ती पतीने दारूच्या नशेत मुलाचा खांदा निखळविल्याची हकिगत सांगते. सांगताना ती हसते, जणू एखादी घरगुती गंमत सांगावी तशी. सिगारेटची राख मात्र झटकायची राहून लांबत जाते. मारहाण होणाऱ्या घरातील स्त्री जगापुढे आपला संसार कसा सावरून धरते, याचे इतके अचूक दर्शन अमेरिकन चित्रपटात क्वचितच आढळते. या दृश्यात पुनरावृत्तीने थकलेल्या नटीचे रडणे नाही. मिलीच्या विरामाचेच ते प्रौढ रूप आहे. ते पाहिल्यावर पुढील आक्रोश हा दडपून ठेवलेल्या ज्ञानाचा उद्रेक ठरतो. अमेरिकेतील सु. १४४ मिनिटांचा हा चित्रपट यूरोपात ११९ मिनिटांचा करून दाखविण्यात आला, तेव्हा नेमके हे दृश्य वगळण्यात आले. त्या प्रेक्षकांना वेंडी एकसुरी वाटली असल्यास त्याचा दोष सर्वस्वी अभिनेत्रीकडे जात नाही.

त्याच वर्षी माल्टामध्ये चित्रित झालेल्या ऑल्टमनच्या पॉपाय या चित्रपटात तिने ऑलिव्ह ऑइल ही व्यंगचित्रमालेतील नायिका साकार केली. चित्रपट विस्कळीत आहे. ड्यूव्हॉल मात्र त्यात निर्दोष आहे. रेषांनी काढलेल्या बाहुलीची हालचाल आणि हाडामांसाच्या स्त्रीची आशा यांचा मेळ तिने घातला. तिने गायिलेले त्यातील एक गीत २००२ मध्ये पॉल टॉमस अँडरसन याने पंच-ड्रंक लव्ह या चित्रपटात पुन्हा वापरले. टाइम बँडिट्स (१९८१), टिम बर्टनचा फ्रँकनवीनी हा लघुपट (१९८४), रॉक्सॅन (१९८७) आणि जेन कॅम्पियनचा द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी (१९९६) हे तिचे नंतरचे उल्लेखनीय चित्रपट होत.

तथापि १९८० नंतर तिचे मुख्य कार्य निर्मितीचे होते. पॉपायमधील सहकलावंत रॉबिन विल्यम्स याला घेऊन तिने बेडूक-राजपुत्राच्या कथेपासून फेअरी टेल थिएटर ही मालिका सुरू केली. शोटाइम या केबल वाहिनीवर १९८२–८७ या काळात तीत सव्वीस परीकथा सादर झाल्या. प्रत्येक भागाचे प्रास्ताविक ती स्वतः करी. नेपथ्यासाठी नामांकित चित्रकारांच्या शैलींचा आधार घेतला जाई, उदा., तीन अस्वलांच्या कथेसाठी नॉर्मन रॉकवेल याच्या चित्रांचा. फ्रान्सिस फोर्ड कोपोला व बर्टन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी व अनेक नामवंत नटांनी या मालिकेत काम केले. केबलवर स्वतंत्र नाट्यनिर्मिती होऊ शकते, हे अगदी आरंभीच्या काळात ज्यांनी दाखवून दिले, त्यांत या मालिकेची गणना होते. तिला पीबडी पुरस्कार लाभला. टॉल टेल्स अँड लेजंड्‌स (१९८५–८७) आणि बेडटाइम स्टोरीज या तिच्या पुढील मालिका; दोहोंसाठी तिला एमी नामांकने मिळाली. दिग्दर्शकाच्या हातातील असहाय बाहुली म्हणून जिचे वर्णन केले जाते, तिने ही सर्व जुळवाजुळव स्वतः केली, याचा चरित्रकारांना बहुधा विसर पडतो.

१९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तिच्या लॉस अँजेल्स येथील घराचे नुकसान झाले. पुढे ती टेक्ससला परतली आणि २००२ नंतर दीर्घकाळ चित्रपटांपासून दूर राहिली. २०१६ मध्ये एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमात तिच्या मानसिक अस्वास्थ्याचे जाहीर प्रदर्शन करण्यात आले; त्यावर चित्रपटक्षेत्रातून तीव्र टीका झाली. द फॉरेस्ट हिल्स (२०२३) या भयपटात ती वीस वर्षांनंतर पडद्यावर दिसली. मधुमेहातून उद्‌भवलेल्या गुंतागुंतीमुळे ब्लँको (टेक्सस) येथील राहत्या घरी ती निधन पावली.