‘केलं कोणी?’

पेणहून रोह्याला जाताना वाटेत नागोठणे लागते. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने त्या गावात हाहाकार उडवला, तेव्हा माझी आत्या शाळेच्या ओसरीवर भिजल्या लुगड्यानिशी बसली होती. दीड दिवस पोटात अन्नाचा कण नाही. कुणीतरी पिठलेभात पुढे केला, तशी तिने सवयीने विचारले, “केलं कोणी?” कोणीच उत्तर देईना. तिने क्षणभर पानाकडे पाहिले, “असू दे,” म्हणाली आणि जेवली.

पाणी ओसरले, घर सारवून झाले आणि आत्याचे सोवळे पुन्हा सुरू झाले!

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. संकट माणसाला बदलते असे आपण म्हणतो. पण ते भिंत दोन दिवस पाडते इतकेच. ती पुन्हा उभी राहू नये यासाठी आणखी काय लागते? याचे उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडले.

आम्हा पेण-रोहेकरांना ख्रिस्ती धर्म तसा दूरचाच. आमची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, तिथे पलीकडे कोर्लईला पोर्तुगीज अमदानीपासूनचे ख्रिस्ती राहतात. पण तो धर्म आमच्या लेखी दर्यावरून आलेला. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मात्र तो थेट आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात येतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. पुढे एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारले, ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. धर्मांतराच्या कथेत आधी प्रकाश दिसतो आणि मग आचार बदलतो, अशी आपली समजूत. इथे आधी चूल बदलली. या पुस्तकाचा खरेपणा मला इथे जाणवतो.

कोणी म्हणेल, यात श्रद्धेचे काय? बाई मुळातच हसऱ्या स्वभावाच्या. हा आक्षेप खोटा नाही. वडिलांच्या सोवळ्याचे वेड सांगतानाही त्या हसवतातच. बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा हात सढळच राहिला, घरची ओढाताण तशीच राहिली आणि नवराबायकोची भांडणेही थांबली नाहीत. श्रद्धेने दुःख कमी केले असे पुस्तक कुठेच म्हणत नाही.

पण एक फरक पडला. पूर्वीचे हसू स्वतःचे दुःख सोसण्यापुरते होते. पुढे त्याच हसऱ्या बाईने परक्या पोरांना आपल्या घरात घेतले, प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली. “हे माझ्याच वाट्याला का?” या प्रश्नाची जागा “आणखी कोणाच्या वाट्याला आले आहे?” या प्रश्नाने घेतली. १९१९ मध्ये टिळक गेले, तरी हे वळण सुटले नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ या फारसे न शिकलेल्या बाईंनीच पुढे नेले.

एक उणीवही सांगितली पाहिजे. हा अंतरीचा बदल कसा घडला, हे लक्ष्मीबाई फार थोडक्यात सांगतात. जिज्ञासू वाचकाला तिथे चुटपुट लागते. पण ज्यांना उपदेश करायचा नसतो, ते असेच लिहीत असावेत.

आत्या आता नाही. तिचे ‘असू दे’ एका दुपारचे होते, लक्ष्मीबाईंचे जन्मभराचे. एवढे अंतर तोडायला त्यांना ख्रिस्ताचा हात धरावा लागला. दुसरा कोणी दुसऱ्या कोणाचा धरील. दिवाळीत घरोघरची फराळाची ताटे आपल्याकडे येतात. “केलं कोणी?” हे आपण तेव्हाही विचारतो, पण ते चकलीची कृती हवी म्हणून. बाकीचे अकरा महिनेही तो प्रश्न एवढ्याचसाठी उरला, तर फार बरे होईल.