मागच्या पडवीचा निकष

कोकणातल्या जुन्या घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो : कौल की स्लॅब. कौल म्हणजे परंपरा आणि स्लॅब म्हणजे तिचा घात, ही विभागणी मात्र तपासून पाहिली तर टिकत नाही.

आज जपावेसे वाटणारे मंगलोरी कौल कारखान्याचे आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्याआधी घरे गवताने, पेंढ्याने किंवा कुंभाराने घडवलेल्या नळीच्या कौलांनी शाकारली जात. म्हणजे आपली ‘परंपरा’ हेही एकेकाळचे नूतनीकरणच.

वाढीव बांधकामही नवे नाही. मध्ये माजघर आणि भोवती गरजेप्रमाणे पडव्या, असेच हे घर वाढत आले. मुलाचे लग्न ठरले, भात ठेवायला जागा पुरेना, की छपराचा उतार तसाच पुढे खाली आणून पडवी काढायची. या पद्धतीची एक किंमत असते. उतार जितका लांबवावा तितकी बाहेरची बाजू ठेंगणी होते आणि उजेड कमी होतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उतार सपाट करून ही उंची परत मिळवता येत नाही.

ही किंमत कोणी मोजली? पुढच्या पडवीत झोपाळा आणि पाहुणे, मागच्या पडवीत चूल, भांडी, न्हाणीचे पाणी. पुढची बाजू अंगणाकडे मोकळी राहिली. मागची लाकूडफाट्याने भरली आणि काळवंडली. चुलीच्या धुराने वाशांना कीड लागत नाही, असे कौतुकाने सांगितले जाते. घराचे आयुष्य वाढवणारा तो धूर बाईच्या छातीतही जात होता, हे त्या कौतुकात येत नाही.

आजच्या नूतनीकरणाच्या दोन ठळक तऱ्हा दिसतात. पहिलीत मुंबईच्या पैशातून बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या आणि आत संडास-बाथरूम होते. गणपतीत आणि मे महिन्यात त्या भरतात, एरवी कुलूप. वर्षभर घर राखणारी म्हातारी मागे जुन्या अंधारातच रांधते. दुसरी तऱ्हा फार्महाऊसची. दुसरीकडच्या मोडलेल्या वाड्याचे खांब आणून ओटी सजवायची आणि चूल शोभेपुरती ठेवायची. पहिलीत मागची पडवी विसरली जाते, दुसरीत तिचे चित्र होते.

स्लॅबची हौस मूर्खपणाची नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्याने कौले उडताना पाहिली, त्याला डोक्यावर काँक्रीट हवेसे वाटणे ही अभिरुचीची घसरण नव्हे. पण काँक्रीटलाही पावसाचा हिशेब चुकत नाही. सपाट स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याची उतरती शेड चढते आणि टाळलेला उतार दुप्पट खर्चाने परत येतो. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत मुरलेली ओल बाहेर पडायची वाट बंद होते.

तेव्हा निकष साहित्याचा नको, मागच्या पडवीचा हवा. तिला मुख्य घराशी काटकोनात स्वतंत्र दुपाखी छप्पर दिले तर उतार राखून उंची मिळते. चार काचेची कौले घातली तर उजेड येतो. दोन छपरांच्या सांध्यात पन्हळ काळजीने बसवावी लागते आणि दर पावसाळ्याआधी ती साफ करावी लागते. म्हणून असा बदल करताना घरात कायम राहणाऱ्या माणसाला विचारणे भाग पडते. पैसे पाठवणाऱ्याला विचारून भागत नाही.

नूतनीकरण झालेल्या घरांचे फोटो अंगणातून काढलेले असतात. अशा घराचे परीक्षण करणाऱ्याने मागच्या दाराने आत जावे आणि रांधणारी बाई तिथे ताठ उभी राहू शकते का, हे आधी पाहावे.