चौकोनी वळणाची देवनागरी : ‘टेको’ टंक आणि ‘रत्नागिरी’ हा शब्द

मुद्राक्षरांची चिकित्सा बहुधा सुटी वर्णमाला समोर ठेवून केली जाते. ही पद्धत अपुरी होय. एकटे असता डौलदार दिसणारे अक्षर शब्दात शिरताच शेजाऱ्याच्या अंगावर रेलते, हे खिळे जुळविणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणून ‘टेको’ या शीर्षटंकाची परीक्षा येथे मुख्यतः एका शब्दावर केली आहे. तो शब्द ‘रत्नागिरी’. आणि त्याची निवड केवळ स्थलप्रेमाने झालेली नाही.

‘टेको’ हा टंक मानुषी पारीख यांनी २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेसाठी रेखिला. त्यातील सर्वांत हलके वजन ज्योतिष सोनोवाल यांचे. त्याची वजने पाच असून देवनागरी व रोमन या दोन्ही लिपी त्यात आहेत. रेषेची जाडी जवळजवळ सर्वत्र सारखी, अक्षरे अरुंद व उंच, गोलाईच्या जागी कोपरे किंचित घासलेले चौकोन, असे हे पत्र्यातून कापून काढल्यासारखे वळण आहे. कारखान्याच्या फाटकावर किंवा आंब्याच्या पेटीवर ते सहज शोभेल. बोरूच्या तिरक्या टोकामुळे देवनागरीस लाभलेला जाडबारीकपणा, जो निर्णयसागरच्या खिळ्यांनीही जपला होता, येथे हेतुपूर्वक टाकून दिला आहे.

आता शब्द पाहावा. ‘रत्नागिरी’त दंड पाच आहेत. त्यांपैकी ‘न’चा दंड, त्यापुढील काना आणि ‘गि’च्या वेलांटीचा दंड हे तीन लागोपाठ, मध्ये दुसरा कोणताही अवयव न येता, उभे राहतात. जुन्या ऐसपैस खिळ्यांत या तिघांस पुरेसा अवकाश मिळत असे. अरुंद आणि जाड वळणात मात्र तेथे खिडकीचे गज उभे राहतात. तिघांतील वेलांटी कोणती हे केवळ शिरोरेखेवरील कमानीवरून कळते. म्हणजे वाचनाचा सारा भार शिरोरेखेच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीवर येऊन पडतो. आणि दोन ओळी एकमेकींस भिडवून लावू पाहणाऱ्या शीर्षटंकास नेमकी तीच पट्टी आखडून घेण्याचा मोह होतो. ठळक वजनात हा दोष विशेष जाणवतो.

शब्दाच्या आरंभी आणि शेवटी असलेल्या दोन ‘र’कारांची कथा निराळी आहे. ‘र’ला स्वतःचा दंड नाही, आणि त्याचा तिरका पाय उभ्याआडव्या रेषांच्या शिस्तीत बसत नाही. तो सरळ करावा, तर ‘रा’ आणि ‘ग’ यांतील अंतर मिटू लागते. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोटाळा टाळण्यासाठी १९५३ च्या लखनौ परिषदेने ‘ख’चा खालचा भाग जोडण्याची सूचना केली, तो प्रश्न याच जातीचा. ‘टेको’ने हा पाय तिरकाच ठेवला, यात रेखनकर्तीचा विवेक दिसतो.

लिपीच्या सुलभीकरणाशी रत्नागिरीचा संबंध जुना आहे. येथे १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी यंत्रजुळणीस सोयीचा असा खिळ्यांचा आटोपशीर संच सिद्ध करण्याची खटपट केली. सावरकरांनी १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात येथूनच लिपिशुद्धीचा पुरस्कार केला; त्यांची ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’ मासिकाने छापून रूढही करून पाहिली. या दोन्ही प्रयत्नांमागे शेकडो खिळ्यांचे ओझे हे सबळ कारण होते. आज संगणक कोणतेही जोडाक्षर विनासायास जुळवितो. तेव्हा ‘टेको’चा साधेपणा हा गरजेतून आलेला नसून रुचीतून आलेला आहे, आणि रुची म्हणूनच त्याला जाब विचारला पाहिजे.

ही रुची उसनी आहे काय? पॉल रेनर यांचा ‘फ्युचुरा’ (१९२७) किंवा आल्दो नोव्हारेझे यांचा ‘युरोस्टाइल’ (१९६२) यांच्या कुळाशी तिचे नाते उघड आहे. तथापि शिरोरेखा आणि दंड यांचा काटकोन देवनागरीच्या घरचाच आहे. रोमन अक्षरांचे तुकडे उलटसुलट जोडून नागरी बनविण्याची जी ओंगळ प्रथा पाट्यांवर आढळते, तिच्यापासून ‘टेको’ दूर राहिला, तो या घरच्या काटकोनाचा आधार घेतल्यामुळे. अडचण येते ती गाठींपाशी. जिल्ह्यातीलच ‘चिपळूण’ हे नाव घ्यावे : ‘ळ’ची दोन आडवी वेटोळी आणि खाली दीर्घ उकार यांची अरुंद चौकटीत दाटी होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेच्या ‘मोदक’ टंकाने हाच प्रश्न उलट बाजूने सोडविला आहे. तेथे अक्षर फुगवून आतील मोकळी जागा केसाएवढी बारीक केली आहे. काळेपणा लपविण्याऐवजी त्याचाच आकार केला आहे. ‘टेको’च्या करड्या शिस्तीला अशी मुभा नाही.

ठळक वजन एक-दोन शब्दांपुरतेच वापरावे, अशी कर्त्यांची शिफारस आहे. पाट्या रंगविणारे ती क्वचितच पाळतात. परंतु ‘रत्नागिरी’ हा तर एकच शब्द आहे, आणि तरीही तो गुदमरतो. रोमन अक्षरे अशा वेळी थोडी विरळ करून भागते. देवनागरीत तो उपाय नाही, कारण अंतर वाढविताच शिरोरेखा तुटते. उरतो तो वजन उतरविण्याचा मार्ग. ठळकाऐवजी मध्यम वजन घेतले, की त्या तीन दंडांमध्ये पुन्हा उजेड दिसू लागतो.