जुना पिटॉन, झिजलेली पोथी आणि संग्राहकाचं कपाट

संशोधनाचा विषय शोधताय आणि तुम्हाला डोंगरांचीही आवड आहे, असं समजा. कुणीतरी जुना, गंजलेला पिटॉन तुमच्या हातात ठेवतं, म्हणजे कड्याच्या भेगेत ठोकायची लोखंडी मेख. तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल? बहुतेक जण विचारतात: कुणी बनवला, कोणत्या साली, किती दुर्मिळ? हे संग्राहकाचे प्रश्न आहेत. ते चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. आज माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

जुन्या प्रस्तरारोहण साहित्याचा इतिहास सहसा कपाटातल्या क्रमाने सांगितला जातो. आधी युरोपातले मऊ लोखंडाचे पिटॉन. मग १९४०च्या दशकात योसेमिटीत जॉन सालाथेने घडवलेले कठीण पोलादाचे पिटॉन. मग १९५७पासून भट्टीवर पिटॉन बनवणारा इव्हॉन शुनार. त्यानंतर भेगेत न ठोकता अडकवायचे नट आणि हेक्स, आणि १९७८ साली बाजारात आलेले ‘फ्रेंड्स’. प्रत्येक वस्तू आधीपेक्षा सुधारलेली, असं हे सरळ चित्र दिसतं.

पण या चित्रात खडक कुठे आहे? कठीण पिटॉन पुन्हा पुन्हा ठोकता-काढता येत होते, म्हणूनच ग्रॅनाइटच्या भेगा फुटत आणि रुंदावत गेल्या. १९७२च्या कॅटलॉगमध्ये शुनार आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्याच पिटॉनविरुद्ध भूमिका घेतली, ती या जखमा बघून. म्हणजे बदलाचा अर्धा पुरावा कपाटात आहे आणि अर्धा कड्यावर. शिवाय संग्राहक पिटॉन घासूनपुसून चकचकीत करतो, तेव्हा डोक्यावरच्या हातोड्याच्या खुणाही पुसट होतात. तो किती वेळा ठोकला गेला, हे त्याच खुणा सांगत होत्या.

आता कुडाळजवळच्या पिंगुळीला या. इथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून कथा गायली जाते. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच चित्रं आणि बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथे वस्तू जपणारा माणूस स्वतःच ती वापरणारा आहे. कोणतं चित्र कोणत्या प्रसंगाला वर काढायचं, हे ज्ञान वस्तूसोबत राहिलं.

उलट उदाहरणही याच कलेतलं आहे. पैठण परिसरात मिळालेली अशी चित्रं ‘पैठण चित्रं’ म्हणून प्रसिद्ध झाली. वस्तू जिथे मिळाली तिथलं नाव तिला चिकटलं आणि मग तेच शैलीचं नाव झालं. पण मिळाल्याचं ठिकाण, बनवल्याचं ठिकाण आणि वापरल्याचं ठिकाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नोंदवहीत त्यांना तीन वेगळे रकाने हवेत.

संग्राहकांवर अन्याय नको. त्यांनी उचललं नसतं तर यातलं कितीतरी सामान भंगारात गेलं असतं. पण त्यांनी वस्तू वाचवली म्हणून तिचा इतिहास आपोआप वाचला, असं होत नाही. योसेमिटीच्या ग्रॅनाइटवरून काढलेला क्रम सह्याद्रीच्या बेसॉल्टला जसाच्या तसा लावायचा, तर आधी इथला खडक आणि इथली माणसं तपासायला हवीत ना?

म्हणून विषय सह्याद्रीतल्या आरोहणाचा घेणार असाल, तर वस्तूंची यादी करण्याआधी दोन कामं करा. पिटॉन पुसू नका, आहे तसा फोटो काढा. आणि ज्यांनी तो ठोकला, त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जा. ती पिढी आता म्हातारी होतेय. पिटॉन पुढच्या वर्षीही कपाटात असेल, त्यांच्या आठवणींचं तसं नाही.